पाटीवर “द जोशीज” लिहिताना वरचा कॉमा कुठे घालायचा

नारायण पेठेत आमचं पाट्यांचं दुकान आहे. सासऱ्यांच्या वेळी पत्र्यावर ब्रशने रंगवलेल्या पाट्या निघायच्या, आता पितळ, ॲक्रिलिक, ग्रॅनाइट आणि स्टीलची कापीव अक्षरं. कापाकापी नवरा आणि कारागीर बघतात, मजकूर माझ्याकडे. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर मजकूर टाकतं, मी तो वाचते आणि मगच तो मशीनकडे जातो. मराठी पाटीत ऱ्हस्वदीर्घाच्या चुका असतात, त्यांची तऱ्हा रोज वेगळी. इंग्रजी पाटीत मात्र बहुतेक वेळा एकच चूक येते: द जोशी’ज. कोथरूडच्या फ्लॅटच्या दारावर तीच, बावधनच्या बंगल्याच्या फाटकावर तीच, आणि लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूलाही तीच.

ही चूक टाळायची कशी ते लिहिते. इंग्रजी अक्षरं इथे देवनागरीतच दाखवणार आहे, तेव्हा शेवटचा “ज” दिसला की तो एस समजा, आणि त्याच्या आगेमागे दिसणारं ’ हे चिन्ह म्हणजे अपॉस्ट्रॉफी. आमच्याकडे येणारे सगळे त्याला वरचा कॉमा म्हणतात, मीही तेच म्हणेन.

इंग्रजीत नावाला लागणारा एस दोन वेगवेगळी कामं करतो. एक काम अनेकवचनाचं: घरात एक जोशी असेल तर जोशी, चार असतील तर जोशीज. दुसरं काम मालकीचं: जोशीचा डबा, जोशीची स्कूटर. वरचा कॉमा या दुसऱ्या कामासाठी आहे. आडनावाचं नुसतं अनेकवचन करायला तो लागत नाही. घरात दोन जोशी असोत की बावीस, पाटी “द जोशीज” एवढीच, जे-ओ-एस-एच-आय आणि त्याला चिकटून एस.

दुकानात मी गिऱ्हाइकाला व्याकरण शिकवत बसत नाही. एवढंच म्हणते, “जे लिहायचंय ते मराठीत बोलून दाखवा.” उत्तर आलं “इथे जोशी राहतात” किंवा “आम्ही जोशी मंडळी”, तर कॉमा नाही. उत्तर आलं “हा जोश्यांचा बंगला”, “हे जोश्यांचं फार्महाउस”, तर कॉमा आहे. म्हणजे चा-ची-चे तोंडातून निघाले की कॉमा, नाही निघाले की नाही. चा-ची-चे नंतर काहीतरी वस्तू यावी लागते. पाटीवर आडनावापुढे नुसती भिंत असेल तर कॉमा कशाच्या मालकीचा?

कुणी म्हणेल, “आमच्या मनात ‘जोश्यांचं घर’ असंच आहे, घर शब्द फक्त लिहिला नाही.” हे मान्य. इंग्रजीत असं चालतं. पण तेव्हाही कॉमा एसच्या नंतर येतो, द जोशीज’ असा, कारण घर एकट्या जोशीचं नाही. एसच्या आधीचा कॉमा त्या पाटीवर कुठल्याच हिशोबाने बसत नाही.

आता कॉमा एसच्या आधी की नंतर, हा प्रश्न. इथेही मराठी कामाला येते. “जोशीचा डबा” यात अनुस्वार नाही, एकच जोशी. इंग्रजीत कॉमा आधी, जोशी’ज. “जोश्यांचा वाडा” यात अनुस्वार आला, जोशी अनेक. इंग्रजीत कॉमा नंतर, जोशीज’. अनुस्वार दिसला की कॉमा एसच्या पलीकडे ढकलायचा. दहातल्या नऊ वेळा एवढ्यावर भागतं.

दहाव्या वेळी आपला आदर आडवा येतो. “जोशीकाकांचा डबा” म्हणताना आपण अनुस्वार देतो, पण काका एकच आहेत. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांतही आदरार्थी बहुवचनाला अनुस्वार द्यायला सांगितलंय. इंग्रजीला हा आदर कळत नाही, तिथे फक्त डोकी मोजतात. तेव्हा अनुस्वार दिसला की एकदा विचारायचं: माणसं खरंच अनेक आहेत, की एकाच माणसाचा मान राखलाय?

शनिवारवाड्याचंच बघा. पहिल्या बाजीरावांनी 1730 मध्ये तो बांधायला घेतला. “बाजीरावांचा वाडा” याचं इंग्रजी करताना कॉमा एसच्या आधी येईल, कारण बांधणारे बाजीराव एक, अनुस्वार मानाचा. पण “1818 पर्यंत ही पेशव्यांची गादी होती” असं लिहायचं तर पेशवे अनेक होऊन गेले, तिथे कॉमा एसच्या नंतर. आणि “पेशव्यांनी पुण्यावर राज्य केलं” यात चा-ची-चे काहीच नाही, म्हणून नुसतं पेशवाज, कॉमाशिवाय. टूरवाल्यांच्या पत्रकांत या शेवटच्या दोन्ही ठिकाणी सर्रास “पेशवा’ज” छापतात. कँपातल्या बिशप्स स्कूलच्या नावात मात्र कॉमा एसच्या आधी आहे आणि तो बरोबर आहे: बिशपची शाळा.

आडनावं एकेक

बहुतेक मराठी आडनावांना काही करावं लागत नाही, सरळ एस चिकटवायचा. कुलकर्णी, पाटील, केळकर, शिंदे, गायकवाड, ओक, सगळे एकाच रांगेत. शेवटी ई असलेले गोखले, आपटे, देशपांडे, लेले यांनाही फक्त एस. आणखी एक ई घालायची गरज नाही.

शाळेत शिकवलेलं “वाय काढा, आय-ई-एस लावा” हे आडनावाला लावायचं नाही. रेड्डी, शेट्टी, मिस्त्री, मूर्ती यांची स्पेलिंगं वायने संपत असतील तर वाय तसाच ठेवून पुढे एस. केनेडी घराण्याचंही इंग्रजीत तसंच करतात.

ज्यांच्या नावाच्या शेवटी एस, एक्स, झेड किंवा श-च सारखा आवाज आहे त्यांना ई-एस लागतो. दास यांचे दासेस, व्यास यांचे व्यासेस. इथे स्पेलिंगपेक्षा कानावर विश्वास ठेवा. देशमुख, वाघ, शहा, शेठ यांच्या शेवटी एच आहे, पण आवाज श-चचा नाही, म्हणून नुसता एस. एकदा एका देशमुखांनी ई-एसचा हट्ट धरला, इंटरनेटवर वाचलं होतं म्हणे. मी त्यांना ते मोठ्याने वाचायला सांगितलं. “देशमुखेस” ऐकून त्यांचे तेच हसले.

कँपातले फर्नांडिस, डायस, गोन्साल्विस यांनाही नियमाने ई-एसच लागतो आणि पाटी लांबते. त्यांना मी “फॅमिली” सुचवते, त्याबद्दल पुढे सांगते. डिसूझांच्या नावात कॉमा आधीपासूनच आहे, डी’सूझा. तो आडनावाचा भाग आहे, त्याला हात लावू नका, आणि शेवटी नुसता एस द्या. एका पाटीत कॉमा आलाच आहे तर दुसराही चालेल असं नसतं.

एक गंमत सांगते. गोवेकर वाझ आणि आपले वझे. वाझचं स्पेलिंग झेडने संपतं, म्हणून ई-एस. वझेंचं ईने संपतं, म्हणून एस. अनेकवचन दोघांचंही अक्षर न अक्षर सारखं होतं. एकाच मजल्यावर हे दोन शेजारी आले तर पोस्टमनचं काही खरं नाही.

लोक कॉमा घालतातच का

काउंटरवर बसून माझ्या लक्षात आलंय की कॉमा घालणारी माणसं अडाणी नसतात. इंजिनिअर असतात, प्राध्यापक असतात. त्यांना आपल्या आडनावाला एस चिकटलेला बघवत नाही. सान्यांचं उदाहरण घ्या. साने यांचं इंग्रजी स्पेलिंग म्हणजे “शहाणा” या अर्थाचा इंग्रजी शब्द. त्याला एस लावला की परका माणूस “सेन्स” वाचणार. काळे यांचं स्पेलिंग म्हणजे हल्ली मॉलमध्ये मिळते ती केल नावाची भाजी. मोरे म्हणजे “आणखी”. आधीच हे नाव कुणी धड वाचत नाही, त्यात आणखी एक अक्षर! मग मधे कॉमा घातला की आडनाव कुठे संपलं ते दिसतं, घराण्याचं नाव शाबूत राहतं. कॉमा इथे कुंपणासारखा वापरतात.

भावना मला पटते. पण कॉमाचं ते काम नाही. त्या पाटीचा अर्थ “साने याचा” एवढाच होतो, आणि वाचणारा थांबून राहतो, सान्याचा काय?

आडनाव शाबूत ठेवायचं असेल तर वाक्यच बदला. “साने फॅमिली”, “काळे रेसिडेन्स”, किंवा नुसतं “मोरे”. नुसतं आडनाव मला सगळ्यांत आवडतं. जुन्या वाड्यांच्या दारांवर तेवढंच असायचं आणि कुणाचं काही अडलं नाही. आम्ही अक्षराप्रमाणे पैसे घेतो, तरीही मी हेच सुचवते, यावरून काय ते समजा. पितळी अक्षरांत आडनाव थोडं मोठं आणि एस जरा लहान कापूनही देता येतो, तेही काही जणांना पसंत पडतं.

दोन आडनावांचं घर असेल, सुनेने माहेरचं नाव ठेवलं असेल, तर “जोशी अँड आपटे” लिहा आणि विषय संपवा. नावांनी मालकी दाखवायची असेल, म्हणजे “अनिल आणि सुनीताचं घर”, तर घर दोघांचं एकच असल्याने कॉमा आणि एस फक्त शेवटच्या नावाला. दोघांच्या दोन वेगळ्या वस्तू असतील तर दोघांनाही, पण तशी पाटी सहसा कुणी करत नाही.

घरगुती धंद्याचं नाव

डबे, पुरणपोळ्या, दिवाळीचा फराळ करणाऱ्या बायका लेबलं छापून घ्यायला येतात. इथे कॉमा बरोबर असतो आणि नेमका इथेच तो गाळलेला असतो. “कुलकर्णी’ज किचन” म्हणजे कुलकर्णीचं स्वयंपाकघर, पुढे वस्तू आहे, कॉमा हवा. एकटी बाई चालवत असेल तर एसच्या आधी. सासू-सून-जाऊ मिळून चालवत असतील तर एसच्या नंतर.

तरी धंद्याच्या नावावर व्याकरणाची सक्ती नाही. मॅकडोनल्ड्सच्या नावात कॉमा आहे, लंडनच्या हॅरॉड्समध्ये नाही. वॉटरस्टोन्स या ब्रिटिश पुस्तकांच्या दुकानांनी 2012 मध्ये आपला कॉमा काढून टाकला, वेबसाइटच्या पत्त्यात सोपं जावं म्हणून. कारण खरंच आहे: वेब पत्त्यात अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ चालते, कॉमा चालत नाही. लंडनच्याच भुयारी रेल्वेवर अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही शेजारशेजारची स्टेशनं आहेत. पहिल्यात कॉमा आहे, दुसऱ्यात नाही. तेव्हा धंद्याचं नाव ठरवताना काय घ्यायचं ते एकदा ठरवा आणि लेबल, शॉप ॲक्टचा कागद, क्यूआरची पाटी, सगळीकडे तेच ठेवा.

बिल्डरांच्या फ्लेक्सवर “2 आणि 3 बीएचके’ज” असतं, तिथे कॉमाचा काही संबंध नाही. सीडीज, एटीएम्स, 1990 चं दशक दाखवणारा एस, सगळे कॉमाशिवाय. अपवाद फक्त सुट्या अक्षरांचा: शाळेत मिळालेले बरेच ए दाखवायचे तर कॉमा घालतात, नाहीतर ए आणि एस मिळून “ॲज” हा भलताच शब्द वाचला जातो.

इंग्लंडात भाज्यांच्या पाट्यांवर असे फुकटचे कॉमे इतके असतात की त्यांना भाजीवाल्याचा अपॉस्ट्रॉफी असं नावच पडलंय. तिथे जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकाराने 2001 मध्ये या कॉमाच्या रक्षणासाठी संस्था काढली आणि 2019 मध्ये, वयाच्या 96 व्या वर्षी, हात टेकून बंद केली. हा माणूस चुकून इंग्लंडात जन्मला, त्याचा पत्ता सदाशिव पेठेचा हवा होता.

मराठी पाटीवर तेच दुखणं

आडनावाला हात लावायला नको वाटतं ते मराठीतही. “गोखलेंचा वाडा” अशी मागणी येते. ए-कारान्त आडनावाचं रूप बदलून य येतो: गोखल्यांचा, आपट्यांचा, लेल्यांचा, रानड्यांचा. आजीच्या तोंडी तेच होतं. ई-कारान्तांचंही तसंच, जोश्यांचा, कुलकर्ण्यांचा. जोशींचा, कुलकर्णींचा हेही आता सगळीकडे रुळलंय आणि मी अडवत नाही. पानसे यांचं पानशांचा होतं, पैसाचं पैशाचा होतं त्याच चालीने, पण खुद्द पानसेच हल्ली ते लिहून घेत नाहीत. केळकर, चव्हाण, भट निवांत असतात: केळकरांचा, चव्हाणांचा, भटांचा.

माझा कल गोखल्यांचा याकडे आहे, गोखलेंचा मला वर्तमानपत्री वाटतं. पण सगळीकडे हट्ट चालत नाही. काळे यांचं काळ्यांचा आणि गोरे यांचं गोऱ्यांचा करून दोन शेजारी बंगल्यांवर लावून बघा. खरे यांचं खऱ्यांचा झालं की बाकीचे खोट्यांचे. आणि “मोऱ्यांची वास्तू” अशी पाटी कुठल्या मोऱ्यांना आवडेल? लोक न्हाणीघरातली मोरी आठवून हसतील.

अशा वेळी मराठीत एक उत्तम सोय आहे, “यांचा”. “मोरे यांची वास्तू”, “काळे यांचा बंगला”. प्रत्यय “यां”वर बसतो आणि आडनाव जसंच्या तसं राहतं. लग्नपत्रिकेत तर हाच रिवाज आहे, “श्री. गोखले यांचे चिरंजीव”. इंग्रजीतल्या फॅमिलीचं जे काम, तेच इथे “यां”चं.

कॉमा घालायचाच असेल तर

बरोबर जागी असला तरी त्याचा आकार बघा. अपॉस्ट्रॉफीची शेपटी नेहमी 9 सारखी, खाली डावीकडे वळलेली. नावाच्या मधे असताना संगणक तो बहुधा बरोबर घालतो. शब्दाच्या सुरुवातीला आला, उदाहरणार्थ “स्थापना ’95”, तर संगणकाला वाटतं अवतरण सुरू झालं, आणि तो 6 सारखा उलटा घालतो. मोबाइलवरून आलेल्या मजकुरात तो नुसती उभी रेघ असतो. पितळेत ती खिळ्यासारखी दिसते. युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये तर त्याच कळीवर भलतंच चिन्ह निघू शकतं. म्हणून डिझाइनचा प्रूफ आला की फोनवर मोठा करून फक्त ती जागा बघा, मगच ओके म्हणा.

स्टीलच्या कापीव अक्षरांत आणखी एक भानगड आहे. प्रत्येक अक्षरामागे दोन-तीन पिना असतात, भिंतीत भोकं पाडून त्या चिकटवतात. कॉमा एवढासा, त्याला एकच पिन मावते. दार आपटून आपटून तो ढिला होतो आणि गोल फिरतो, मग 9 चा 6 होतो, आणि एके दिवशी पायरीवर सापडतो. खरंच कॉमा लागणार असेल तर अक्षरं सुटी न घेता पत्र्यावर कोरून घ्या.

आणि आधीच लावलेल्या पाटीवर चुकीचा कॉमा असेल तर? रेडियमचा असेल तर हेअर ड्रायरची ऊब द्या आणि नखाने सोला, आजूबाजूचं ऊन लागून फिकं झालेलं असेल तर तिथे थोडा डाग दिसेल. ॲक्रिलिकवर चिकटवलेला असेल तर दोरा मागून करवतीसारखा ओढा, सुरी घालू नका, चरा पडतो. स्टीलचा असेल तर पिनेसकट ओढून काढा, भोक पुट्टीने बुजवून भिंतीचा रंग मारा. ग्रॅनाइटमध्ये कोरलेला मात्र निघत नाही. त्यात त्याच रंगाची दगडाची भुकटी एपॉक्सीत कालवून भरतात आणि घासून सपाट करतात; समोरून कळत नाही, तिरक्या उजेडात कळतं. तेवढं नको असेल तर कॉमाच्या पुढे जागा आहे का बघा. एसनंतर “होम” कोरायला जागा असेल तर “द जोशी’ज होम” निदान एका जोशीचं तरी घर होईल, आणि ते कुणाचं, हे घरातल्यांनी आपसांत ठरवावं.